यादीत नसलेलं गाणं

हेवी मेटलच्या चाहत्याला त्याचं आवडतं गाणं विचारू नये. तो उत्तर देतो, पण आधी चार प्रतिप्रश्न करतो. कोणत्या गायकाच्या काळातलं? रेकॉर्डवरचं की मैदानातलं? मैदानातलं, तर कोणत्या दौऱ्यातलं? आणि त्या दौऱ्यातल्या कोणत्या रात्रीचं? ‘आयर्न मेडन’च्या चाहत्याला तर घरी पाहुणे असताना असलं काही विचारूच नये. चहा गार होतो, जेवणाची वेळ टळते आणि 1985 सालचं ‘हॅलोड बी दाय नेम’ सरस की 2001 सालचं, याचा निकाल तरीही लागत नाही.

हे पुस्तक अशा न लागलेल्या निकालांचं आहे. बँडचं चरित्र लेखकाने लिहिलेलं नाही आणि ते बरंच केलं. मेडनची चरित्रं इंग्रजीत पुष्कळ आहेत. खुद्द गायक ब्रूस डिकिन्सनने 2017 साली आत्मचरित्र लिहून आपल्यापुरतं काम उरकलं आहे. लेखकाने धरलेली वाट वेगळी आहे. चाहते एकमेकांशी काय भांडतात, कशावरून भांडतात आणि त्या भांडणातून कोणतं गाणं ‘अजरामर’ ठरतं, हे त्याने मांडलं आहे. मराठीत पाश्चात्त्य संगीतावर लिहिणारे बहुतेक जण बीटल्स आणि बॉब डिलन यांच्यापाशी थांबतात. मेटल म्हणजे कर्कश, पोरांचं, दाराआड ऐकायचं, अशी आपली एकंदर समजूत. म्हणूनच प्रस्तावनेच्या निमित्ताने थोडी पूर्वपीठिका सांगावी लागते. जाणकारांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

पूर्व लंडनमधल्या लेटन भागात 1975 सालच्या नाताळच्या दिवशी स्टीव्ह हॅरिस नावाच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने हा बँड काढला. ‘वेस्ट हॅम’ या फुटबॉल संघाच्या कुमार गटात सराव केलेला हा मुलगा बेस गिटारकडे वळला आणि आजतागायत बँडची सूत्रं त्याच्याच हातात आहेत. स्ट्रॅटफर्डमधल्या ‘कार्ट अँड हॉर्सेस’सारख्या पबमध्ये वाजवत वाजवत मेडनने आपला श्रोता जमवला. पहिला अल्बम 1980 साली आला, तेव्हा पॉल डिॲनो गायक होता. पुढच्या वर्षी तो गेला आणि डिकिन्सन आला. 1982 सालच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ने बँड जगभर पोचला. डिकिन्सन 1993 साली बाहेर पडला, त्याच्या जागी ब्लेझ बेली आला, आणि 1999 साली डिकिन्सन परतला. त्याच्याबरोबर गिटारवादक एड्रियन स्मिथही परतला. त्याच्या जागी आलेल्या यानिक गर्सला मात्र कोणी काढलं नाही. तेव्हापासून मेडनमध्ये तीन गिटार आहेत. तिसऱ्या गिटारची गरज काय, हा वादही तेव्हापासूनचाच. 2021 सालचा ‘सेनजुत्सू’ धरून स्टुडिओ अल्बम सतरा झाले.

आवाजाबद्दल एकच सांगतो. हॅरिस बेस बोटांनी वाजवतो, आणि त्याचा ठेका घोड्याच्या दौडीसारखा चालतो. त्या ठेक्यावर दोन गिटार एकच चाल जोडीने वाजवतात. एक षड्जावर असेल तर दुसरी गांधारावर. ही जोडगिटारची पद्धत ‘विशबोन ॲश’ आणि ‘थिन लिझी’ या आधीच्या बँडकडून आलेली. तिचा परिणाम असा, की मेडनच्या गिटारची ओळ तोंडाने गाता येते. पुढच्या सगळ्या वादांत हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. मेडनची गाणी दीडशेच्या वर आहेत. कार्यक्रम दोन तासांच्या आसपास चालतो आणि त्यात पंधरा-सोळा गाणी बसतात. बरेच बँड रोज रात्री यादी फिरवतात. आज पुण्यात वाजलं ते उद्या नाशिकला वाजेलच असं नाही, अशा थाटात. मेडन तसं करत नाही. दौऱ्याच्या पहिल्या रात्री जी यादी ठरली, तीच थोड्याफार फरकाने शेवटपर्यंत. याचं कारण आळस नाही. प्रत्येक गाण्याला मागचा पडदा वेगळा, प्रकाशयोजना वेगळी, ज्वाळा कधी उठायच्या ते ठरलेलं, आणि एडी नावाचा तो सांगाडा-राक्षस नेमक्या कोणत्या कडव्याला मंचावर अवतरणार तेही ठरलेलं. डेरेक रिग्जने रंगवलेला हा एडी पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठापासून मेडनचा मानकरी आहे. एवढं सगळं नेपथ्य ट्रकांतून एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं, तर गाणं ऐनवेळी बदलायची सोय राहत नाही. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ‘वन्स मोअर’ मागायचा हक्क तरी होता आणि बालगंधर्वांसारखे नट तो मानतही. मेडनच्या श्रोत्याला असा कोणताही हक्क नाही. त्याच्यासाठी कोणीतरी आधीच निवड करून ठेवलेली असते आणि ती वर्षभर बदलायची नसते. म्हणून पहिल्या रात्रीची यादी बाहेर आली की तासाभरात जगभर भांडण पेटतं.

बरं, या पंधरांतही मोकळ्या जागा थोड्याच. बँडच्याच नावाचं ‘आयर्न मेडन’ हे गाणं जवळपास प्रत्येक कार्यक्रमात असतं, कारण बहुधा तेव्हाच एडी बाहेर येतो. ‘द ट्रूपर’, ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, ‘हॅलोड बी दाय नेम’, ‘फिअर ऑफ द डार्क’, ‘रन टू द हिल्स’ ही गाणी वगळली तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. उरतात नऊ-दहा जागा. त्यासाठी चाळीस वर्षांतल्या दीडशेच्या आसपास गाण्यांची रांग. जुन्या श्रोत्याला 1986 सालच्या ‘समव्हेअर इन टाइम’मधलं हवं असतं, तरुणाला 2000 नंतरचं काहीतरी, आणि पहिल्यांदाच आलेल्याला ठरलेली सहाच्या सहा. तिघंही एकाच रांगेत उभे असतात आणि गेट उघडायच्या आतच एकमेकांशी वाद घालायला लागतात.

या गदारोळात लेखकाने एक प्रश्न नेमका पकडला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गाणं ‘क्लासिक’ होतं ते नेमकं कुठे? स्टुडिओत की मैदानात? लेखकाचं उत्तर आहे, मैदानात. माझंही तेच. आणि याला ‘फिअर ऑफ द डार्क’इतका सज्जड पुरावा दुसरा नाही.

हे गाणं याच नावाच्या 1992 सालच्या अल्बममधलं शेवटचं. अल्बम एकसारखा चांगला नाही, हे मेडनचे भक्तसुद्धा मान्य करतात. गाणं रेकॉर्डवर ऐकलं तर ठीकठाक वाटतं. सुरुवातीला गिटारची संथ, जराशी भयसूचक ओळ, मग हलक्या आवाजात पहिलं कडवं, मग धावाधाव. पण तेच गाणं मैदानात ऐका. दिवे मंदावतात, गिटारची ती पहिली ओळ येते आणि डिकिन्सनने तोंड उघडायच्या आधीच हजारो लोक ती ओळ गायला लागतात. रेकॉर्डवर त्या जागी कोणाचाच आवाज नाही. तिथे फक्त तारा आहेत. लोकांनी शब्द नसलेल्या जागेत आपला आवाज घातला आणि आता तो आवाज गाण्याचाच भाग झाला आहे. मधला गिटारचा तुकडा आला की पुन्हा तेच. 19 जानेवारी 2001 रोजी ब्राझीलमध्ये रिओला झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ‘रॉक इन रिओ’ म्हणून 2002 साली निघालं. अडीच लाखांच्या आसपास श्रोते होते. त्यातलं हे गाणं ऐकल्यावर मूळचं रेकॉर्डवरचं अर्धवट वाटायला लागतं. काही नेमस्त चाहते म्हणतात, हा गोंगाट आहे, गिटार ऐकू द्या. त्यांचं म्हणणं सभ्यपणे ऐकून घ्यावं आणि आपण गात राहावं.

इथे जोडगिटारचा तो मुद्दा कामी येतो. मेडनला सर्वांत वेडं प्रेम मिळालं ते ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा ठिकाणी: ब्राझील, आर्जेन्टिना, पोलंड, ग्रीस. 1984 साली पोलंडमध्ये, म्हणजे पोलादी पडद्याच्या पलीकडे, मेडनने आपला संपूर्ण मंच नेऊन दौरा केला. तोवर एवढ्या सरंजामानिशी तिथे गेलेला पश्चिमेचा मेटल बँड नव्हता. शब्द कळो न कळो, गिटारची ओळ गाता येते. साताऱ्याच्या नाहीतर साओ पाउलोच्या मुलाला डिकिन्सनचे उच्चार लागत नसतील, पण ‘द ट्रूपर’ची सुरुवात तो झोपेतही गुणगुणेल. इंग्लंड-अमेरिकेच्या समीक्षकांनी बरीच वर्षं मेडनला गांभीर्याने घेतलं नाही, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. ते शब्द वाचत बसले. मैदानात गाणारे लोक त्यांनी ऐकलेच नाहीत.

उलटी उदाहरणंही आहेत. मेडनला मिळालेलं एकमेव ग्रॅमी 2011 साली ‘एल डोराडो’ला मिळालं. त्या दौऱ्यानंतर हे गाणं पुन्हा मंचावर दिसलं नाही आणि त्यासाठी कोणी उपोषणाला बसल्याचंही ऐकिवात नाही. पारितोषिकाने गाणं कपाटात जातं.

ब्लेझ बेलीबद्दलचं प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत न्यायी प्रकरण आहे. ब्लेझचा आवाज खालच्या पट्टीतला, डिकिन्सनचा वरच्या. बँडने जुन्या गाण्यांची पट्टी त्याच्यासाठी खाली आणली नाही. परिणामी 1995 ते 1998 या काळात हा माणूस दर रात्री दुसऱ्याच्या उंचीचे कपडे घालून उभा राहिला आणि लोक त्याच्याच मापाला दोष देत राहिले. वर्षानुवर्षं ‘ब्लेझच्या काळातलं’ हा शब्दप्रयोग चाहत्यांत शिवीसारखा वापरला गेला. मग डिकिन्सन परतल्यावर बँडने ब्लेझच्या काळातली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ ही गाणी यादीत ठेवली आणि रिओच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये ती अशी काही निघाली, की निंदकांचा आवाज खाली आला. गाणी तर तीच होती. कमी पडली होती ती पट्टी. 2018 सालच्या दौऱ्यात ही दोन्ही गाणी पुन्हा आली, तेव्हा त्यांच्याविरुद्ध बोलणारा शोधून काढावा लागला असता. मात्र ब्लेझने ती कशी गायली होती, हेही ऐकलं पाहिजे, असा आग्रह लेखक धरतो. तो रास्त आहे. ‘साइन ऑफ द क्रॉस’च्या सुरुवातीचा तो घनगंभीर भाग ब्लेझच्या खर्जात जास्त भिववतो.

लयीचा वाद जरा तांत्रिक आहे, पण मला त्यात रस आहे. मेडन मैदानात गाणी जलद वाजवतो. किती जलद, हे ऐकायचं तर 1985 सालचा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ काढावा. तो मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनामध्ये आणि काही भाग लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये मुद्रित झाला. निर्माता मार्टिन बर्च. मेटलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम थेट रेकॉर्डिंगमध्ये त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. ‘फ्लाइट ऑफ इकारस’ हे 1983 सालचं गाणं स्टुडिओत जरा संथ ठेवावं, असा डिकिन्सनचा हट्ट होता. हॅरिसला ते कधीच पटलं नाही. मंचावर गेल्यावर हॅरिसने आपली लय वसूल केली. रेडिओवर वाजलं ते संथ, आणि ‘लाइव्ह आफ्टर डेथ’मध्ये आहे ते त्याच्या मनासारखं. चाहत्यांचे यावरून दोन तट आहेत. मी हॅरिसच्या तटातला. सूर्याकडे झेपावणाऱ्या पोराच्या गाण्याला चालत जाण्याची गती कशाला? हे गाणं पुढे बत्तीस वर्षं यादीबाहेर राहिलं आणि 2018 साली परतलं ते डिकिन्सनच्या दोन्ही हातांवर बसवलेल्या ज्वालाफेकी यंत्रांसह.

त्याच ‘लाइव्ह आफ्टर डेथ’वर ‘राईम ऑफ द एन्शंट मरिनर’ आहे. कोलरिजच्या 1798 सालच्या दीर्घकवितेवर बेतलेलं हे तेरा मिनिटांहून मोठं गाणं. ते सुरू होण्यापूर्वी डिकिन्सन लोकांना सांगतो, की पक्ष्याने तुमच्या अंगावर घाण केली तर काय करू नये, याची ही गोष्ट. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकांनी या कवितेवर बरंच लिहिलं आहे, पण इतकं नेमकं सार माझ्या वाचनात आलेलं नाही. गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं. जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येते, बेस एकटाच हळूहळू फिरत राहतो, आणि धूर सुटलेल्या मंचाकडे हजारो लोक गप्प राहून बघतात. मेटलच्या मैदानात शांतता हा प्रकार काय असतो, ते इथे कळतं. मग डिकिन्सनची ती लांबच लांब किंकाळी येते आणि सगळे पुन्हा उसळतात. एवढ्या लांबीचं गाणं यादीत घेतलं की दोन-तीन लहान गाणी गळतात. म्हणून त्याचेही विरोधक आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

आता लेखकाशी माझा जिथे मतभेद आहे तिथे येतो. 2006 साली मेडनने ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा अल्बम काढला आणि त्या दौऱ्यात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, दहाच्या दहा गाणी, मंचावर वाजवला. बहात्तर मिनिटं फक्त नवीन. त्यानंतर जुनी पाच: ‘फिअर ऑफ द डार्क’, ‘आयर्न मेडन’, ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’, ‘द ईव्हिल दॅट मेन डू’ आणि ‘हॅलोड बी दाय नेम’. लोक चिडले. ज्यांनी अल्बम ऐकलाच नव्हता, त्यांना तास-सव्वा तास अनोळखी संगीत ऐकत उभं राहावं लागलं. अनेकांनी तो वेळ बिअरच्या रांगेत काढला. लेखक या प्रकाराला उर्मटपणा म्हणतो. माणूस पदरचे पैसे खर्चून, दूरवरून येतो, त्याला त्याचं गाणं मिळायला नको का, असा त्याचा सवाल आहे.

सवाल बिनतोड वाटतो, पण तो नाही. आज जी सहा गाणी वगळता येत नाहीत, ती एकेकाळी नवीनच होती. ‘फिअर ऑफ द डार्क’ 1992 साली कोणीतरी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या रात्रीही कोणीतरी बिअरच्या रांगेत होतं. मैदानात गाणं क्लासिक होतं, हे लेखकाचंच म्हणणं खरं मानायचं, तर नव्या गाण्याला मैदान मिळालं पाहिजे. नाहीतर बँडचं संग्रहालय होतं आणि चाहत्याचा मार्गदर्शक. पन्नाशीकडे आलेल्या माणसांनी आपल्या नव्या कामावर एवढा भरवसा दाखवावा आणि शिव्या खाव्यात, यात मला उर्मटपणा दिसत नाही. थोडं वेडेपण दिसतं. या एका मुद्द्यावर लेखकाने स्वतःच्याच सिद्धांताला धोबीपछाड दिली आहे. पुढच्या आवृत्तीत त्याने हे प्रकरण पुन्हा लिहावं, अशी माझी जाहीर सूचना आहे.

भारतातल्या चाहत्यांना या वादाचा अनुभव पाठोपाठच्या दोन वर्षांत आला. 17 मार्च 2007 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेडन प्रथम भारतात वाजला. दिल्लीच्या ‘परिक्रमा’ने आधी वाजवलं, त्याच उन्हाळ्यात त्यांना इंग्लंडच्या ‘डाउनलोड’ महोत्सवाचं आमंत्रणही मिळालं. मुंबई-पुण्याहून रेल्वेने, बसने पोरं गेली होती. त्या आधीच्या पिढीने मेडन ऐकला तो दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटवर, आणि धोबी तलावच्या रंगभवनात आपल्याकडच्या बँडनी वाजवलेल्या त्यांच्या गाण्यांतून. एवढ्या वर्षांची भूक घेऊन गेलेल्या माणसांसमोर बँडने जुन्याबरोबर ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’मधलीही गाणी ठेवली. मग 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, मेडनचा नवा दौरा सुरू झाला. डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँड, माणसं आणि सामान एकाच बोइंग 757 मधून घेऊन तो निघाला आणि पहिला मुक्काम मुंबई. ‘फ्लाइट 666’ या 2009 सालच्या माहितीपटात हे सगळं आहे. आणि या दौऱ्याची यादी? एक ‘फिअर ऑफ द डार्क’ सोडलं तर सगळी 1980 च्या दशकातली. ‘राईम’सुद्धा. दोन दशकं मंचाबाहेर राहिलेलं ते गाणं जगात सर्वांत आधी मुंबईकरांनी ऐकलं.

तेव्हापासून भारतात दोन पक्ष आहेत. बंगळूर पक्ष म्हणतो, पहिली रात्र ती पहिली रात्र. मुंबई पक्ष म्हणतो, तुम्हाला ‘राईम’ मिळालं नाही. लेखक कोणत्या पक्षाचा, ते वाचकाने शोधावं. फार शोधावं लागणार नाही.

मुंबईच्या त्या कार्यक्रमाबद्दल एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे आणि पुस्तकात तिचा उल्लेख आहे म्हणून बरं वाटलं. कार्यक्रमाची सुरुवात चर्चिलच्या 1940 सालच्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणाने व्हायची आणि त्यावर ‘एसेस हाय’ धडकायचं. गाणं ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी लढलेल्या वैमानिकांचं. ब्रिटिश श्रोत्याला त्या भाषणाने स्फुरण चढतं, ते समजण्यासारखं आहे. पण 1943 सालचा बंगालचा दुष्काळ ज्यांच्या इतिहासात आहे, ते लोक चर्चिलच्या आवाजाला टाळ्या-शिट्ट्यांनी दाद देतात, याचं काय करायचं? त्याच दौऱ्यात ‘द ट्रूपर’ला डिकिन्सन ब्रिटिश शिपायाचा लाल डगला घालून युनियन जॅक फडकवायचा. ‘द ट्रूपर’ 1854 सालच्या क्रिमियन युद्धातल्या एका आत्मघाती घोडदळ-हल्ल्याचं गाणं आहे, साम्राज्याची आरती नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तीन वर्षांनी 1857 येतं, हेही ठाऊक आहे. काही चाहते म्हणतात, मैदानात राजकारण आणू नका. मैदानात झेंडा आणला तो आम्ही नव्हे. याबद्दल बँडला फार दोष देण्यात अर्थ नाही. ते आपली गाणी आपल्या पद्धतीने सादर करतात. प्रश्न दाद देणाऱ्यांचा आहे आणि दाद देणाऱ्यांत हा प्रस्तावनाकारही येतो. गिटार सुरू झाली की 1943 आठवत नाही. हे चांगलं की वाईट, याचा खल लेखकाने पुरेसा केलेला नाही.

न वाजलेल्या गाण्यांचा इतिहास हा या पुस्तकातला सर्वांत मजेदार भाग. 1986 सालचं ‘अलेक्झांडर द ग्रेट’ बँडने कधीच मंचावर घेतलं नव्हतं. चाहते दर दौऱ्याला मागत आणि दर दौऱ्याला तोंडघशी पडत. 28 मे 2023 रोजी स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाला ते अखेर वाजलं, मुद्रणानंतर सदतीस वर्षांनी. त्या अल्बमच्या मूळ दौऱ्याचं अधिकृत थेट रेकॉर्डिंगही कधी निघालं नाही, त्यामुळे जुने लोक चोरून टेप केलेल्या कॅसेटांच्या आधारावर भांडत आले होते. आपल्याकडच्या वाचकाला या गाण्यात एक हक्काची खोड काढता येईल. गाण्यातल्या अलेक्झांडरचं सैन्य त्याच्यामागे भारतात यायला नकार देतं. प्रत्यक्षात ते सैन्य झेलमकाठी पोरसशी लढून मग बियासपाशी अडलं होतं. बँड मात्र तीनदा आला; 2009 साली पुन्हा बंगळूरला. फक्त हे गाणं घेऊन आला नाही. 2023-24 चा तो दौरा भारताच्या वाट्याला आलाच नाही. डिकिन्सनने लिहिलेलं ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ हे अठरा मिनिटांचं गाणं, 1930 साली कोसळलेल्या आर-101 या हवाईजहाजावरचं, 2015 साली आलं. तेही दौऱ्यांच्या यादीबाहेरच राहिलं आहे. त्याच्या मागणीची सदतीस वर्षं आता मोजायला घ्यायला हरकत नाही.

न्यायालयानेही एकदा यादीत हात घातला. ‘हॅलोड बी दाय नेम’मधल्या काही ओळींवरून स्वामित्वहक्काचा दावा लागला आणि 2017 सालच्या दौऱ्यात हे गाणं वगळावं लागलं. दावा मिटल्यावर पुढच्या वर्षी ते परतलं. फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्याचं गाणं न्यायालयीन कारणाने तुरुंगात गेलं, यावर चाहत्यांनी केलेले विनोद लेखकाने दिलेले नाहीत. द्यायला हवे होते.

सध्याचा वाद ढोलवादकाचा आहे. निको मॅकब्रेन 1982 च्या अखेरीपासून मेडनचा ड्रमर; अनवाणी पायाने आणि एकाच पेडलवर वाजवणारा. जे ठेके इतरांना दोन पेडल घेऊनही जड जातात, ते तो उजव्या पायाच्या जोरावर काढायचा. जानेवारी 2023 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. काही महिन्यांत तो पुन्हा मंचावर बसला, पण ‘द ट्रूपर’मधले काही तुकडे त्याला पूर्वीसारखे जमेनात, आणि त्याने ते स्वतः सांगितलं. 7 डिसेंबर 2024 रोजी साओ पाउलोत त्याने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. 2025 च्या दौऱ्यात त्याच्या जागी सायमन डॉसन आला, आणि यादी संपूर्णपणे 1980 ते 1992 या काळातली होती. जुन्या गाण्यांचे पुरस्कर्ते यावर खूश व्हायला हवे होते. त्यांतले निम्मे आता म्हणतात, निकोशिवाय हा मेडनच नाही. उरलेले म्हणतात, लय पुन्हा घट्ट झाली. काही फार जुने आहेत, ते अजून 1982 पर्यंत वाजवणाऱ्या क्लाइव्ह बरपाशी अडून बसले आहेत आणि त्यांचं म्हणणं वाटतं तितकं हास्यास्पद नाही. ‘रन टू द हिल्स’ची सुरुवात एकदा नीट ऐकावी.

पुस्तकाच्या अखेरीस लेखकाने स्वतःची पंधरा गाण्यांची यादी दिली आहे. अशी यादी छापणं हे धाडस आहे. आता तिच्याबद्दल त्याला आयुष्यभर जाब द्यावा लागेल. सुरुवात मी करतो. तीत ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ नाही, ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ नाही, आणि ‘कॅन आय प्ले विथ मॅडनेस’ मात्र आहे. हे का, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.